धाप लागली म्हणजे दमाच असे नाही

वाचकहो, जळगावहून धुळ्याला जाणारा मोठा रस्ता एरंडोल, पारोळ्यावरून जातो. त्या रस्त्याच्या एका बाजूला, थोडे आत, आमचे गाव आहे. हा सारा कापसाचा मुलूख. दिवाळी झाली की जिनिंगमध्ये गाड्यांवर गाड्या कापूस येतो. यंत्रे सुरू होतात, सरकी एकीकडे पडते, रुई दुसरीकडे, आणि हवेत बारीक तंतू उडत राहतात. अशा कामावर वीस वर्षे घालवलेले एक गृहस्थ आमच्या रात्रीच्या साक्षरता वर्गाला येतात. आपण त्यांना नाना म्हणू.

नानांना दमा जुना आहे. गावात सर्वांना तो ठाऊक. नाना चढावर थांबले की लोक म्हणतात, "दमा आहे त्यांना." नाना खोकले की लोक म्हणतात, "दमाच तो." नानांनाही तसेच वाटे, आणि खरे सांगायचे तर आम्हालाही तसेच वाटे.

डिसेंबरातली गोष्ट. थंडी चांगलीच पडली होती. नाना वर्गात आले ते घोंगडी पांघरून. पाटीवर चार अक्षरे काढली आणि थांबले. म्हणाले, "गुरुजी, आज जास्तीच दम लागी ऱ्हायना."

आम्ही विचारले, "पंप घेतला का, नाना?"

"घेतला. सकाळपासून सहा वेळा घेतला."

अंगाला हात लावला तर कढत लागला. आम्ही म्हटले, "थंडीचे दिवस आहेत, दमा उसळला आहे. दोन वेळा जास्त घ्या, विश्रांती घ्या. होईल कमी."

वाचकहो, आम्ही चाळीस वर्षे शाळेत शिकवले. गावात लोक आमचा शब्द मानतात. नानांनी तो मानला. चार दिवस ते घरी पंप ओढत बसून राहिले. पाचव्या रात्री त्यांच्या मुलाने आमचे दार वाजवले. आम्ही गेलो तेव्हा नाना खाटेवर पुढे वाकून बसले होते. एक वाक्य त्यांना पुरे बोलता येत नव्हते. ओठ काळपट पडले होते. १०८ नंबरला फोन केला, गाडी आली आणि नानांना धुळ्याला मोठ्या दवाखान्यात नेले.

तिथे छातीचा एक्स-रे काढला. डॉक्टरीणबाईंनी तो उजेडापुढे धरून आम्हाला दाखवला. उजव्या फुप्फुसाच्या तळाला पांढरा डाग होता. त्या म्हणाल्या, "गुरुजी, हा न्युमोनिया आहे. दमाही उसळला आहे, पण तो एकटा आलेला नाही. तुम्ही एकाचेच औषध वाढवत बसलात."

आपल्याकडे म्हण आहे, आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी. आम्ही नेमके तेच केले होते. नाना नऊ दिवस दवाखान्यात राहिले आणि बरे होऊन आले. पण आणखी एक रात्र गेली असती तर काय झाले असते, हा विचार अजून आमच्या मनातून जात नाही. म्हणून हा पाठ लिहीत आहोत. आम्ही डॉक्टर नव्हे. डॉक्टरांकडून जे समजून घेतले, तेच सोप्या भाषेत सांगतो.

छातीच्या आत काय असते?

ठिबकवरची केळीची बाग आपण पाहिली आहे. आधी एक मोठा पाइप. त्याला लहान पाइप फुटतात. त्यांना बारीक नळ्या. शेवटी एकेका झाडाच्या बुडाशी थेंब थेंब पाणी पडते. आपल्या छातीतही असेच आहे. गळ्यातून एक मोठी श्वासनळी खाली जाते. तिला दोन फाटे फुटतात, एक उजवीकडे, एक डावीकडे. त्यांना पुन्हा फाटे, पुन्हा फाटे. नळ्या बारीक बारीक होत जातात. अगदी टोकाला इवले इवले फुगे असतात. त्यांना वायुकोश म्हणतात. ते कोट्यवधी असतात. हवेतला प्राणवायू रक्तात जातो तो या फुग्यांतून.

दमा हे नळ्यांचे दुखणे आहे. नळ्यांची आतली कातडी नेहमीच थोडी सुजलेली असते. धूळ, धूर, थंड हवा किंवा सर्दी लागली की ती आणखी सुजते. नळीभोवतीचे स्नायू आवळतात. आत चिकट कफ साठतो. मग अरुंद नळीतून हवा जाताना शिट्टीसारखा आवाज येतो. पंपाचे औषध आवळलेली नळी मोकळी करते, म्हणून दम्यात पंपाने आराम पडतो.

न्युमोनिया हे फुग्यांचे दुखणे आहे. तिथे जंतू शिरतात. फुग्यांत हवेच्या जागी पाणी आणि पू भरतो. केळीच्या बुडाशी पाणी साचून मुळे कुजू लागली, तर नळी साफ करून काय उपयोग? तसेच इथे. पंपाने नळी उघडेल, पण भरलेले फुगे रिकामे होणार नाहीत. त्याला जंतूंवरचे औषध लागते, कधी प्राणवायू लागतो.

आणि दमेकऱ्याला न्युमोनिया झाला तर दुष्काळात तेरावा महिना. नळ्या आवळलेल्या आणि फुगेही भरलेले. निरोगी माणूस जे दुखणे घरी पडून काढील, त्याने दमेकरी धोक्यात येतो. न्युमोनियाचे काही जंतू दमेकऱ्यांना इतरांपेक्षा जास्त सतावतात, असे डॉक्टरांच्या पाहणीत आढळले आहे.

दम्यावर येणारे चार पाहुणे

पहिला पाहुणा साधी सर्दी. ती विषाणूंमुळे होते. दमा उसळण्याचे सर्वांत मोठे कारण हेच आहे, मुलांत तर फारच. नाक वाहू लागले की एकदोन दिवसांत छाती भरते. विषाणूंवर अँटिबायोटिक गोळ्या चालत नाहीत. "डॉक्टरसाहेब, जोरदार गोळी द्या" असा हट्ट धरू नये. कफ पिवळा दिसला म्हणजे अँटिबायोटिक हवेच, असेही नाही. नुसत्या दम्यातही कफ पिवळा होतो. या वेळी दम्याचे औषध नीट घेणे हेच मुख्य काम. इन्फ्लुएंझा म्हणजे फ्लू हाही विषाणूच, पण तो जास्त कडक. त्याची लस वर्षातून एकदा घेता येते. न्युमोनियावरही लस आहे. आपल्याला कोणती घ्यावी ते डॉक्टरांना विचारावे.

दुसरा पाहुणा न्युमोनिया. त्याची गोष्ट वर आलीच आहे.

तिसरा पाहुणा क्षय, म्हणजे टीबी. तो चोरपावलांनी येतो. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळी बारीक ताप, रात्री घाम, वजन घटणे, कफात रक्त, ही त्याची लक्षणे. दमेकऱ्याला खोकला नेहमीचाच, म्हणून कोणाचे लक्ष जात नाही. महिने निघून जातात, आणि घरातल्या लेकरांनाही लागण होते. सरकारी दवाखान्यात कफाची तपासणी फुकट होते, आणि टीबी निघाला तर गोळ्याही फुकट मिळतात. त्या कमीत कमी सहा महिने घ्याव्या लागतात, मध्येच सोडू नयेत.

चौथा पाहुणा बुरशी. हे ऐकून नवल वाटेल. भिजलेला कडबा, ओल लागलेले धान्य, उकिरडा, ओलसर कापूस यांवर काळी-हिरवी बुरशी धरते, ती आपण सर्वांनी पाहिली आहे. तिची पूड हवेत उडते आणि श्वासातून आत जाते. निरोगी माणसाचे शरीर ती बाहेर टाकते. पण काही दमेकऱ्यांच्या नळ्यांत ती ठाण मांडते, आणि शरीर तिच्यावर चिडून उठते. दमा आवरत नाही, आणि खोकताना कफात तपकिरी गाठी पडतात. एक्स-रेवर डाग दिसतात. ते डाग टीबीसारखे भासतात, म्हणून आपल्या देशात अशा अनेक रोग्यांना आधी टीबीच्या गोळ्या दिल्या जातात. गुण मात्र येत नाही. रक्ताच्या खास तपासणीने हा आजार ओळखता येतो, आणि त्यावर वेगळे औषध आहे. तेव्हा तपकिरी गाठी पडल्या तर त्या डॉक्टरांना जरूर सांगाव्या. त्यात लाज कसली?

नुसता दमा की आणखी काही?

नुसता दमा उसळला तर बहुधा रात्री किंवा पहाटे त्रास वाढतो. छातीत शिट्टी वाजते. मोठा ताप नसतो. पंप घेतला की थोड्या वेळात बरे वाटते आणि तो आराम टिकतो.

पण पुढील गोष्टी दिसल्या तर "दमाच तो" असे म्हणून बसू नये. थंडी वाजून ताप येणे. खोल श्वास घेताना छातीच्या एका बाजूला चमक निघणे. कफ दाट होणे, त्याचा रंग गंजासारखा होणे. पंपाचा आराम चार तासही न टिकणे. म्हाताऱ्या माणसांना कधी ताप येतच नाही. ती नुसती मलूल होतात, जेवण सोडतात, असंबद्ध बोलतात. हीदेखील खूणच समजावी. अशा वेळी त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे आणि छाती तपासून घ्यावी.

२०२० आणि २०२१ या कोरोनाच्या दोन वर्षांत बोटाला लावून प्राणवायू मोजायचे छोटे यंत्र गावोगाव पोचले. ते घरात पडून असेल तर काढा. आकडा ९४ च्या खाली गेला तर डॉक्टर गाठावा. ९२ च्या खाली गेला तर थेट मोठा दवाखाना.

रात्र असो, पाऊस असो, पुढील खुणा दिसल्या तर थांबायचे नाही. वाक्य पुरे बोलता येत नाही. बरगड्यांमधली जागा आत ओढली जाते. ओठ, नखे निळी-काळी पडतात. माणूस गुंगीत जातो. श्वास मिनिटाला तीसच्या वर जातो. एक खूण फसवी आहे. धाप तशीच असून शिट्टीचा आवाज मात्र बंद होतो. घरच्यांना वाटते, आराम पडला. खरे तर हवाच आत जाईनाशी झालेली असते. १०८ ला फोन करा. गाडी येईपर्यंत रोग्याला बसते ठेवा, आडवे करू नका. आरामाचा पंप डॉक्टरांनी शिकवला असेल तसा, एक एक फवारा करून देत राहा.

पंपाविषयी गैरसमज

दाबून फवारा देणारा पंप १९५६ साली अमेरिकेत प्रथम निघाला. त्याआधी दमेकऱ्यांचे फार हाल होत. आज तो आपल्या तालुक्यालाही मिळतो, पण त्याची भीती अजून गेली नाही. "एकदा लागला की सुटत नाही," असे लोक म्हणतात. पंपाचे व्यसन लागत नाही. दमा जुना असतो म्हणून औषध जुने होते, इतकेच. पंपात औषध थोडे असते आणि ते नेमके नळ्यांत जाते.

पंप दोन तऱ्हेचे असतात. एक आरामाचा, तो आवळलेली नळी लगेच मोकळी करतो. दुसरा रोजचा, तो नळीची सूज हळूहळू उतरवतो. काहींना दोन्ही कामे करणारा एकच पंप मिळतो. आपले लोक चूक करतात ती अशी: आराम देणारा आवडतो, रोजचा सोडून देतात. सूज आत तशीच राहते. मग पहिल्याच सर्दीला छाती बंद पडते. नानांनीही दसऱ्यापासून रोजचा पंप सोडला होता. "बरे वाटत होते, म्हणून," असे ते म्हणाले. बरे वाटत होते ते त्या पंपामुळेच!

रोजचा पंप घेतल्यावर पाण्याने चूळ भरून थुंकावी, नाहीतर तोंडात पांढरे चट्टे येतात. काहींना कॅप्सूल यंत्रात घालून ओढायची असते. ती पाण्याबरोबर गिळणारेही आम्ही पाहिले आहेत. गिळून छातीत काही पोचत नाही. घ्यायची रीत डॉक्टरांसमोर एकदा करून दाखवावी.

बाजारात, जत्रेत दम्याच्या पुड्या मिळतात. पुडीवर नाव नाही, गाव नाही. दोन दिवसांत जादूसारखा गुण येतो. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले अनेकदा आढळले आहे. त्याने तोंड सुजते, साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात. शिवाय शरीराची जंतूंशी झुंजण्याची ताकद कमी होते, आणि ताप झाकला जाऊन न्युमोनिया किंवा टीबी आत वाढत राहतो. डॉक्टरही गरज पडल्यास स्टेरॉइडच्या गोळ्या देतात, पण त्या मोजून, थोडे दिवस आणि नजर ठेवून. दोहोंत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

कोजागिरीच्या रात्री खिरीतून दम्याचे औषध घेण्याची चाल आहे. श्रद्धा ज्याची त्याची. आमचे म्हणणे एवढेच, की त्यासाठी रोजचे औषध बंद करू नये, आणि दमेकऱ्याने रात्रभर गार हवेत उघड्यावर बसू नये.

खानदेशातले वर्ष आणि दमेकरी

मृगाचा पाऊस पडला की घरात ओल धरते. भिंतीला, कडब्याला, धान्याला बुरशी येते. हे झाडण्याचे काम दमेकऱ्याकडे देऊ नये. दिवाळीआधी घर झाडताना, जुनी गादी उसवताना त्याने दूर राहावे. पुढे थंडी येते. धुळ्याकडे पारा दहा अंशांच्या खाली उतरतो. याच दिवसांत सर्दी-पडसे, जिनिंगची धूळ आणि शेतात पऱ्हाट्या जाळल्याचा धूर, सगळे एकदम येते. वांग्याचे भरीत आपला जीव की प्राण. भरीत पोटभर खावे, पण वांगी भाजायला आगटीजवळ दमेकऱ्याने बसू नये. मग दोंडाईच्याच्या बाजारात मिरची येते, घरोघर तिखट कुटतात. उन्हाळ्यात गहू-दादरची मळणी, त्याचा भुसा. मुख्य गोष्ट ही, की धूळ-धूर नळी सुजवून ठेवतात, आणि सुजलेल्या नळीत सर्दीचे जंतू आले की दमा लवकर उसळतो. तोंडाला मास्क बांधावा, निदान स्वच्छ रुमाल तरी. चुलीवर स्वयंपाक असेल तर धूर बाहेर जाईल अशी सोय करावी. बिडी तर कोणत्याच महिन्यात नको.

नाना आता जिनिंगमध्ये मशीनजवळ काम करीत नाहीत. मालकाला सांगून ते फाटकावर बसतात, गाड्यांचे नंबर लिहून घेतात. हो, लिहून घेतात! दवाखान्यातून आल्यावर ते वर्गात एक दिवसही चुकले नाहीत. आम्ही कारण विचारले. म्हणाले, "गुरुजी, त्या रात्री डॉक्टरीणबाईंनी विचारले, कोणता पंप घेता, किती घेता? माले सांगता येईना. पोरगालेही ठाऊक नव्हते. चिठ्ठी घरात होती, पण वाचणार कोण?"

आता त्यांनी आपल्या हाताने एक चिठ्ठी लिहिली आहे. ती घराच्या दारामागे चिकटवली आहे आणि एक खिशात असते. अक्षर वाकडे आहे, पण वाचता येते. ती चिठ्ठी अशी:

"मला दमा आहे. रोजचा पंप सकाळी दोन, रात्री दोन. चूळ भरणे. आरामाचा पंप त्रास झाला तर. ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना. बोलता येईना तर १०८. एकदा न्युमोनिया झाला आहे."

लक्षात ठेवा

१. दमा नळ्यांचा, न्युमोनिया फुग्यांचा. दोन्ही एकाच वेळी होऊ शकतात.
२. दमेकऱ्याला ताप आणि धाप असेल तर त्याच दिवशी डॉक्टर.
३. दोन आठवड्यांवर खोकला राहिला तर कफ तपासा.
४. बरे वाटले तरी रोजचा पंप मनाने सोडू नका.
५. नाव नसलेली पुडी घेऊ नका.

अभ्यास

१. नानांना चार दिवस घरी बसवण्यात कोणाची चूक झाली? कोणती?
२. शिट्टीचा आवाज बंद झाला, पण धाप तशीच आहे. याचा अर्थ काय?
३. तुमच्या घरी किंवा शेजारी कोणाला दमा आहे का? त्यांच्या पंपावरचे नाव आणि औषध संपण्याची तारीख वाचा.
४. नानांची चिठ्ठी वहीत उतरवून काढा. मग डॉक्टरांनी लिहून दिलेले औषध पाहून त्या माणसासाठी तशीच एक चिठ्ठी तयार करा आणि त्याच्या दारामागे लावा.